बसायचा पगार

आई,

परवा माझ्या टेबलावरचा मायक्रोस्कोप उचलून नेला. दोन माणसं आली, एकाने वायर गुंडाळली, दुसऱ्याने यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि दोघं निघून गेली. इस्पितळाच्या या लॅबमध्ये मी लागले तेव्हा तू गल्लीत सगळ्यांना सांगत फिरली होतीस, "माही पोरगी रक्त वाचते." रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, वाळवायचा आणि डोळा लावून एकेक पेशी पाहायची, हेच मी आजवर केलं. आता ते मशीन करतं. पेशी मोजतं, त्यांचे फोटो काढतं, आणि जिथे काही वेगळं दिसेल तिथे पडद्यावर लाल चौकट घालतं. मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगते, नाहीतर तुला वाटेल मी त्याच्यावर रागावून लिहायला बसले. ते थकत नाही, दुपारी जेवणानंतर त्याचे डोळे जड होत नाहीत. माझे व्हायला लागले होते.

आमच्या लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई माझ्याहून वयाने बऱ्याच लहान आहेत, मला ताई म्हणतात. मशीन येणार हे ठरलं तेव्हाच, काही महिन्यांपूर्वी, त्यांनी मला बोलावून दोन कामं पुढे ठेवली होती. एक, नमुने घेण्याच्या खिडकीवर बसायचं, बाटल्यांना स्टिकर लावायचे. निवृत्त होईपर्यंत कोणी उठवणार नाही. दुसरं, सिकलसेलच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं. हा आजार आपल्या भागातला, तुला ठाऊकच आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, लेकरांचे हातपाय ठणकतात, ती वारंवार आजारी पडतात, आणि हे सगळं आईबापांकडून येतं. त्या आईबापांना ते समजावून सांगणारं माणूस हवं होतं. "विचार करून सांगा ताई," त्या म्हणाल्या, "खिडकीचं काम सोपं आहे." त्या दिवशी मी घरी आले, चहा केला, आणि चहा घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहिले तर एकदम तुझ्याशी बोलावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काही विचारायचं असलं की माझे पाय अजून ओट्याकडेच वळतात.

तुझ्या कामाची माझी पहिली आठवण म्हणजे तुझा आवाज. मी प्राथमिक शाळेत असेन. शाळेला सुट्टी होती, बाबा गिरणीत पाळीवर, म्हणून तू मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घेऊन गेलीस. लांबच्या गावाला फोन तेव्हा थेट लागत नसे, तुम्हा बायकांना तो जोडून द्यावा लागे. मोठ्या खोलीत भिंतीएवढे बोर्ड, त्यांच्यापुढे उंच खुर्च्यांवर ओळीने बसलेल्या बायका, कानाला हेडफोन, हातात पितळी टोकाच्या दोऱ्या. तू मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवतेस, ओठांवर बोट ठेवतेस, खुर्चीवर चढतेस. आणि मग तुझ्या तोंडून जो आवाज निघतो तो मी घरी कधीच ऐकलेला नसतो. शांत, गोल, पुस्तकातल्यासारखा. "नागपूर बोलतेय. आपण थांबा, मी जोडून देते." मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत, पाण्यासारखा. कुहीकडच्या खेड्यातली मॅट्रिक झालेली मुलगी, घरी "मले" आणि "काहून" म्हणणारी, ती इथे दुसरीच कोणी आहे. मधल्या सुट्टीत तू मला समोसा दिलास आणि मी विचारलं, "आई, तू इथं अशी काहून बोलते?" तू हसून म्हणालीस, "हा सरकारचा आवाज हाय वं. घरी नाई आणाचा."

मग बोर्ड बंद झाला. नवी स्वयंचलित यंत्रं आली, लोक घरबसल्या नंबर फिरवून मुंबईशी बोलू लागले. मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. तुमच्या साहेबांनी सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं की नोकरी कोणाचीच जाणार नाही. ज्यांना हवं त्यांनी ऑफिसात बसावं, किरकोळ काही काम निघेल. आणि ज्यांची तयारी असेल त्यांनी केबल जोडणीचं शिकावं, तिथे माणसं कमी पडत आहेत. तुझ्याबरोबरच्या बहुतेकींनी ऑफिस घेतलं. त्यात चूक काही नव्हतं. काहींच्या घरी आजारी माणसं होती, काहींचे गुडघे गेलेले होते.

बाबांची गिरणी त्याच्या आधीच बंद पडली होती. पण बाबा पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठत, आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालत आणि गिरणीच्या गेटावर जाऊन बसत. तिथे त्यांच्यासारखे आणखी बरेच जण असत. दुपारी परत येऊन सांगत, "बोलणी सुरू हाय. दिवाळीच्या आत चालू होते." कोणती दिवाळी, ते आम्ही विचारणं सोडून दिलं होतं. ते आळशी नव्हते. मागाचा आवाज ऐकून कोणता धागा तुटणार हे ओळखणारा माणूस होता तो. त्यांना फक्त दुसरा कोणता आवाज ऐकायचा नव्हता.

त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात खाली बसून अंबाडीची पानं खुडत होतीस. बाबा दारात उभे होते. तू दोन्ही पर्याय सांगितलेस.

"पगार तेवढाच भेटून राहिला ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग काहून जाचं उन्हातानात? बस ना पंख्याखाली."

तू हातातल्या देठाची पानं खुडून संपवलीस. मग मान वर न करता म्हणालीस, "तुमी गेटावर बसता. म्या ऑफिसात बसाचं. मंग या घरात उभं कोण राहीन?"

बाबा अंगणात गेले. हे तू म्हणायला नको होतंस, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. तुलाही वाटलं असावं, कारण पुढची पानं तू देठासकट टाकायला लागलीस. थोड्या वेळाने माझ्याकडे पाहून म्हणालीस, "बसाचा पगार घेतला का उठाची आदत जाते वं." ते मला सांगत होतीस, अंगणातल्या माणसाला, की स्वतःला, ते कळलं नाही.

तू शिकायला लागलीस. केबल म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. मनगटाएवढा जाड काळा दोर, कापला की आत केसांसारख्या बारीक रंगीत तारांच्या जोड्या. एका टोकाची प्रत्येक तार दुसऱ्या टोकाच्या नेमक्या तारेशी जुळवायची. एक चुकली की कोणाचा फोन कोणाच्या घरी वाजणार. तू केबलचा तुकडा घरी आणायचीस, मांडणीच्या दांडीला बांधायचीस आणि कुकरची शिटी होईपर्यंत तारा पिळत बसायचीस. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी. पोळी लाटतानाही तुझे ओठ हलत असायचे. बोटांना तारा टोचून भोकं पडली होती, त्यामुळे तिखट कालवताना तू चमचा घेऊ लागलीस. आणि पहिल्या परीक्षेत तू नापास झालीस. जवळचं दिसत नव्हतं हे तू कोणाला सांगितलंच नव्हतंस. तपकिरी आणि राखाडी तारा तू उलटसुलट जोडल्या होत्यास.

मी तुझ्याजवळ बसून म्हटलं, "सोड ना आई. या वयात कोण शिकते?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी मागे सरकले. "तुले अ आ शिकवाले बसली होती तवा म्या तुह्यं वय काढलं होतं काय? तू काहून माह्यं काढून राहिली?" एवढं बोलून तू कणीक मळायला घेतलीस. दुसऱ्या दिवशी जाऊन चष्मा केलास. पुढच्या परीक्षेत पास झालीस, आणि मला पेढे आणायला पाठवलंस, पण ते शेजारी वाटू दिले नाहीस. "नोकरी नवी नाई लागली," तू म्हणालीस. आपणच खाल्ले.

त्या उन्हाळ्यातली एक दुपार मला आजही तशीच दिसते. नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, सुरू आहे, रस्त्यावर कुत्रंही नाही, डांबर चपलेला चिकटतंय. धंतोलीतल्या एका रस्त्याच्या कडेला खोदलेल्या खड्ड्यात तू बसली आहेस. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, साडीचा पदर कमरेत खोचलेला, ऊन लागू नये म्हणून कमरेलाच खोचलेला कांदा. बाबा आणि मी तुझा डबा आणि ताक घेऊन आलो आहोत. बाबांनी तुला असं काम करताना याआधी कधी पाहिलेलं नाही. ते मुद्दाम त्या बाजूला येत नसत. ते खड्ड्यापासून थोडे दूर उभे राहतात. रस्त्यावरून एक ओळखीचा गृहस्थ सायकलने जातो, बाबांकडे पाहतो, खड्ड्याकडे पाहतो. बाबा मान खाली घालतील असं मला वाटतं. पण ते हातातली छत्री उघडतात, खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसतात आणि छत्री तुझ्या डोक्यावर धरतात.

तू वर पाहत नाहीस. हातातली जोडी पिळत म्हणतेस, "थोडी मांगं घ्या. उजेड अडून राहिला."

बाबा छत्री मागे घेतात. "आता?"

"हं. आता बरं हाय."

डबा तसाच राहतो. तुझा जोड पूर्ण होईपर्यंत बाबा हात बदलत छत्री धरून बसतात, आणि मी त्या दोघांच्या सावलीत उभी राहून ताक गरम होताना पाहते.

दुसऱ्या दिवशी बाबा गेटावर गेले, पण लवकर परतले. तू कामावरून आलीस तेव्हा त्यांनी भात लावलेला होता. करपला होता. तू तो खाल्लास. हळूहळू स्वयंपाक त्यांच्याकडे गेला. पोळ्या त्यांना महिन्यांनी जमल्या, भाजीत तेल मात्र शेवटपर्यंत जास्तच पडायचं, आणि तू ताट तिरपं करून ते एका बाजूला काढत रोज तेच म्हणायचीस, "गिरणीच्या यंत्राले तेल देऊन राहिले काय तुमी?" ते खूश व्हायचे. घरात दोन माणसांनी आपापलं काम बदललं होतं, पण लोक फक्त तुझंच बोलायचे. बाबांचं कोणी कौतुक केल्याचं मला आठवत नाही. मीसुद्धा केलं नाही, कारण ते काम आहे हेच माझ्या लक्षात आलं नाही.

आणि इतकं करून काय झालं आई? तू रंग पाठ केलेस, हात काळे करून घेतलेस, आणि काही वर्षांत लोकांच्या खिशात मोबाइल आले. तुम्ही जमिनीखाली गाडलेल्या तारा मुक्या होत गेल्या. शेवटची वर्षं तुला काउंटरवर बसवलं होतं. लोक घरचे फोन परत करायला यायचे आणि तू ते घेऊन ठेवायचीस. मी एकदा तुला न्यायला आले तेव्हा तुझ्यामागे जुन्या फोनांचा ढीग होता, वायरी गुंडाळलेल्या. स्कूटरवर बसताना तू म्हणालीस, "आज त्या गल्लीतला फोन आला परत. ती लाईन म्या जोडली होती." मी म्हटलं, वाईट वाटलं का? तू म्हणालीस, "वाटलं थोडं. पण त्या बाईची पोरगी मोबाईलवर बोलून राहिली होती तिच्यासोबत, बेंगलोरहून. दोघी हासून राहिल्या होत्या. म्या का तारेसाठी तार जोडली होती?" मला तेव्हा जाणवलं की तुझा तो सरकारचा आवाज कधीचाच गेला होता. काउंटरवरही तू घरच्याच आवाजात बोलत होतीस. मधल्या वर्षांच्या धुळीने घसा जाड झाला होता. शिकताना माणसाला काहीतरी मिळतं असं सगळे सांगतात. काय जातं, ते कोणी सांगत नाही. तुझा तो आवाज गेला, आणि मला तो फार आवडायचा. निवृत्तीनंतर तुला फार दिवस लाभले नाहीत. तुझ्यामागे बाबाही गेले.

मी दुसरं काम घेतलं. धीट आहे म्हणून नाही. खिडकीवर बसून स्टिकर लावताना रोज संध्याकाळचे पाच कसे वाजतील याची भीती वाटली म्हणून. प्रशिक्षणात आम्हाला कसं बोलायचं, काय आधी सांगायचं, कुठे थांबायचं हे शिकवलं. माझ्या निम्म्या वयाच्या मुली माझ्याहून छान बोलत. मी वहीतून वाक्यं पाठ केली, आरशापुढे म्हटली.

काल पहिलं जोडपं आलं, कुहीकडचं, धान पिकवणारं. चार वर्षांची मुलगी, तिला सिकलसेल. बाई एकटीच मुलीला मांडीवर घेऊन आत आली. नवरा बाहेर व्हरांड्यात उभा. मी माझी पाठ वाक्यं सुरू केली. दुसऱ्या वाक्यातच तिने विचारलं, "म्हंजे हे माह्यातून गेलं काय वं बाई? माही सासू तसंच म्हणून राहिली. तुह्याच रगतात खोट हाय म्हणते."

माझी वाक्यं तिथेच संपली. आई, या विळ्यासारख्या पेशी मी किती काचांवर पाहिल्या असतील. कागदावर खूण करायची आणि पुढची काच घ्यायची. त्या काचेला असा चेहरा असतो, त्याने दोन दिवस अंगावर तेच लुगडं घातलेलं असतं, त्याला घरी कोणी काही बोललेलं असतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते माझ्यापर्यंत कधी पोचत नव्हतं, मध्ये भिंगं होती. मी उठले, व्हरांड्यात गेले. "भाऊ, तुमी पण या आत. हे दोघायचं हाय."

तो आला, खुर्चीच्या टोकावर बसला. मी सांगितलं की अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. दोघांकडूनही आलं तरच मुलीला त्रास होतो. त्याचा विश्वास बसेना. "मले तं काहीच होत नाई. धान रोवतो, पोती उचलतो. मंग माह्यातून कसं गेलं?"

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. शिकवलेल्या पद्धतीने, मग माझ्या पद्धतीने. तो ऐकत होता, कपाळाला आठ्या. मग हळू आवाजात म्हणाला, "आमच्या धानाच्या बांधीत लाल तांदूळ निंगते, तसं हाय काय हे? वरून पायलं तं सारखंच धान दिसते. भरडल्यावर समजते."

"हो," मी म्हटलं. "तसंच हाय. अन् त्यात धानाची काही चूक नसते."

त्याने मुलीच्या पायाकडे पाहिलं. मग बायकोला म्हणाला, "आईले मी सांगतो. तू नको बोलू." बाईने पदर तोंडाला लावला. मुलीने माझ्या टेबलावरचा पेन घेतला आणि कोणी तो परत मागितला नाही. मग आम्ही औषधांचं बोललो, पाणी किती पाजायचं, ताप आला तर कुठे यायचं, पुढचं मूल होऊ देण्याआधी काय तपासायचं. ते गेल्यावर मी दुसरा पेन काढला आणि वहीत त्या धानाचं लिहून ठेवलं.

काम जमलं, असं मी म्हणणार नाही. दुपारी दुसरं जोडपं आलं, ते अर्ध्यातून उठून गेलं. बापाने अहवाल घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, आम्ही दुसरीकडे दाखवतो. मी काय चुकले ते अजून कळलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, होतं असं. उद्या पुन्हा दोघंजण येणार आहेत.

हे लिहिता लिहिता कुकर गार झाला. वाचणारं कोणी नाही हे मला माहीत आहे. सकाळी हे कागद मी कपाटात तुझ्या साड्यांखाली सरकवून देईन, आणि त्यावर वेळ घालवल्याबद्दल तू रागावली असतीस, तेही माहीत आहे. फक्त एक सांगून ठेवते. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकीला आपल्या घरातलं उदाहरण सांगायला लावलं होतं. मी तुझं सांगितलं. बोर्ड, तारा, खड्डा, सगळं. सगळ्यांना आवडलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या आईंना ते काम मनापासून आवडत असणार." मी लगेच म्हटलं, "हो, खूप."

आई, ते मला माहीत नाही. मी तुला कधी विचारलंच नव्हतं. त्या क्षणी तसं असायला हवं होतं, म्हणून हो म्हटलं.